हिरवा चाफा : परसातील एक दुर्मिळ होत चाललेले झुडूप

अलिबाग तालुक्यात आक्षी, नागाव, चौल या बाजूस वाड्यांमधून जाणाऱ्या वाटेने ज्येष्ठात पायी जाण्याचा प्रसंग आल्यास क्वचित एखाद्या कुंपणाशी पिकल्या फळासारखा गोड व दाट सुवास अकस्मात येतो. फणस पिकला असावा असे वाटून मनुष्य वर पाहतो. तेथे फणस नसतो, आणि आसपास फूलही दिसत नाही. हा सुवास हिरव्या चाफ्याचा होय. त्याचे फूल पानांच्याच रंगाचे असल्यामुळे ते प्रथम नाकास सापडते, डोळ्यांस मागाहून.

चाफा हे नाव आपल्याकडे कुळ पाहून दिलेले नाही, सुगंध पाहून दिलेले आहे. सोनचाफ्याचे कुळ निराळे, देवळापुढील पांढऱ्या चाफ्याचे निराळे, आणि भुईचाफा तर हळदीच्या कुळातील. हिरवा चाफा सीताफळ व रामफळ यांच्या कुळातील आहे. ज्यांनी सीताफळाचे हिरवट, जाड पाकळ्यांचे फूल निरखून पाहिले असेल त्यांस हे नाते तत्काळ पटेल. शास्त्रीय भाषेत यास आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस म्हणतात. फुलास तीन-तीनच्या दोन वर्तुळांत सहा मांसल पाकळ्या असतात. उमलताना ते हिरवे व जवळजवळ निर्गंध असते. पुढे पिवळसर होऊ लागले की सुगंध भरतो. म्हणून घरात ठेवण्यासाठी फूल खुडावयाचे तर रंग पालटू लागल्यावरच खुडावे. वाटीभर पाण्यात ठेवलेले एकच फूल माजघरास पुरते.

या झुडपाची खरी ओळख म्हणजे त्याचा आकडा. फुलाचा देठच वाकून कठीण गळासारखा होतो आणि त्याच्या आधारे फांद्या शेजारच्या झाडावर चढतात. हा आकडा मुलांच्या सदऱ्यात अडकतो, झावळ्या ओढताना आड येतो, म्हणून कोयत्याने छाटला जातो. पण आकडा हाच फुलाचा देठ असल्यामुळे आकडे छाटणारा फुलेच छाटत असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुसरा आक्षेप सापाचा. सुवासाने साप येतो असा समज कोकणात घरोघर आढळतो. साप येतो तो उंदीर व बेडूक यांच्या मागे आणि दाट पाचोळ्याच्या आडोशास. झुडपाचा बुंधा हातभर उंचीपर्यंत मोकळा ठेवला व त्याखालील अडगळ काढली, तर आडोसा राहत नाही.

तिसरे कारण या दोहोंहून मोठे. दि. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नारळ-सुपारीच्या वाड्यांबरोबर जुनी आंब्या-फणसाची झाडेही उन्मळली. ज्यांच्या अंगावर हिरवा चाफा चढलेला होता ती झाडे पडली आणि साफसफाईत चाफाही गेला. नुकसानीच्या याद्या झाल्या त्या नारळाच्या, सुपारीच्या व आंब्याच्या. चाफ्याची नोंद कोण करणार?

नागावकडील एका वाडीत मात्र तो वाचला. रायवळ आंबा विहिरीच्या अंगास आडवा पडला होता व मजूर यांत्रिक करवतीने तो तोडीत होते. घरच्या वृद्ध आजी पडवीतून म्हणाल्या, “साहेब, आंबा गेला तो गेला. चाफा तेवढा बुडखा ठेवून कापायला सांगा.” हातभर बुडखा ठेवण्यात आला. पुढील पावसाळ्यापर्यंत त्यास जोमदार फुटवे आले. वाडीच्या वाटणीचे बोलणे त्या घरात सुरू होते व विहिरीकडील बाजू कोणाच्या वाट्यास येईल हे निश्चित नव्हते. आजींनी मला विचारले ते एवढेच, की याची कलमे होतील काय.

कलमे होतात. छाट कलमास मुळे धरणे कठीण जाते, परंतु गुटी व दाब कलम साधते. पावसाळा सुरू होताच पेन्सिलीएवढ्या जाडीची, एक वर्षाची फांदी निवडावी. तिच्यावरील साल अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची वलयाकार काढून तेथे ओले शेवाळ घट्ट गुंडाळावे व वर पॉलिथीनचा कागद दोन्ही टोकांस आवळून बांधावा. दोन-तीन महिन्यांत कागदाआडून मुळे दिसू लागतात. कलम कापण्याची घाई करू नये. पांढरी मुळे किंचित तपकिरी होऊ द्यावी. आम्ही पाच फांद्यांस गुट्या बांधल्या, त्यांतील तीन धरल्या. जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबण्याची जुनी रीत याहून सोपी व कमी खर्चाची आहे, पण वेळ अधिक घेते.

बियांविषयी माझी स्वतःची चूक सांगतो. फळांचे घोस पिवळे झाल्यावर मी बिया काढून पेरल्या. दोन महिने काही उगवले नाही, म्हणून मातीसह त्या पाचोळ्याच्या ढिगावर टाकून दिल्या. पुढील काही महिन्यांनी त्याच ढिगावर रोपे उभी राहिलेली पाहिली! या बीचे कवच कठीण व अंकुर अतिशय लहान असतो, त्यामुळे उगवणीस कित्येक महिने लागतात. बी ताजे पेरावे, सावलीत ओल राखावी आणि कुंडीवर पेरणीची तारीख लिहून ठेवावी.

लागवडीसाठी घराच्या पूर्वेकडील, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या आडोशाची जागा पसंत करावी. सकाळचे ऊन व दुपारची विरळ सावली मानवते. आपल्या किनाऱ्याची पुळणवट जमीन पाण्याचा निचरा उत्तम करते, पण तिच्यात कस राहत नाही. यास्तव साठ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशी नारळाची सोडणे उलटी अंथरावी, वर पालापाचोळ्याचे कुजलेले खत, शेणखत व चाळीची माती भरावी. ज्या विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते तेथे विशेष जपावे. पानांची टोके करपू लागली की खाऱ्या पाण्याची शंका घ्यावी व त्या दिवसांत गोड्या पाण्याची तजवीज करावी. बुंध्याशी झावळ्यांचे आच्छादन असावे, मात्र ते खोडास टेकू नये, नाहीतर वाळवीस आयतेच आमंत्रण.

मांडवावर चढविल्यास तो वेलीसारखा वाढतो, छाटीत राहिल्यास पुरुषभर उंचीचे झुडूप होते. लहान परसास झुडूपच बरे. छाटणी बहर संपल्यावर करावी. कोवळ्या पालवीवर हिरव्या अळ्या दिसल्यास औषध फवारण्यास धावू नये. त्या बहुधा काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेल्या फुलपाखराच्या असतात; खोट्या अशोकावरही त्या आढळतात. मोठ्या झुडपास त्यांचा उपद्रव सोसतो. लहान रोपावरील तेवढ्या हाताने वेचाव्यात.

रोप विकत घ्यावयाचे असल्यास मातृझाड पाहण्याचा आग्रह धरावा. याच कुळातील इलांग-इलांग हे झाडही सुगंधी व हिरवट-पिवळ्या फुलांचे आहे, पण त्याच्या पाकळ्या लांब, लोंबत्या व पिळवटलेल्या असतात आणि त्यास आकडा नसतो. कोवळ्या रोपांवरून फरक ओळखणे सोपे नाही.

नागावच्या तीन कलमांपैकी दोन तालुक्यातच लागली. तिसरे आजींच्या मुलीने पनवेलला नेऊन गच्चीवर अर्ध्या ड्रमात लावले आहे. उन्हाळ्यात त्यास रोज पाणी लागते आणि ड्रमाच्या तळास भोके पुरेशी नसल्यामुळे एकदा ते पिवळेही पडले होते. फूल अद्याप आलेले नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र दोन फांद्यांवर आकडे दिसू लागले आहेत.