आजी कुठल्या फोल्डरमध्ये आहे?

'क्लाउडवर आहे ना, मग टेन्शन कशाला?' असं म्हणून आपण सगळेच बिनधास्त असतो. मीही होते. मग कॉलेजची एक मेल आली आणि माझी झोप उडाली!

मार्च २०२५ मधली गोष्ट. धुळवडीला दोन दिवस बाकी होते. एक फीचर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, दुसऱ्याचं पेमेंट अडकलं होतं, आणि इनबॉक्समध्ये नेहमीचा पसारा. त्यातच माझ्या जुन्या कॉलेजची एक मेल होती. माजी विद्यार्थ्यांची सगळी ईमेल अकाउंट्स ३१ मार्चला बंद होणार, ज्याचं जे काही असेल ते त्यानं काढून घ्यावं. एवढाच मजकूर. मी मनात म्हटलं, करा बंद, कोण वापरतंय ते! आणि मेल डिलीट करून मोकळी झाले.

रात्री मॅगी खाताना फ्लॅटमेटला हे सहज सांगितलं. ती आयटीतली. तिनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, तुझे कॉलेजचे सगळे फोटो त्याच अकाउंटवर नाहीत का?"

माझा घास तिथेच अडकला.

त्याचं झालं होतं असं. २०१८ मध्ये मास कॉमला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा कॉलेजनं प्रत्येकाला एक ईमेल अकाउंट दिलं होतं. त्यावर स्टोरेज अनलिमिटेड. आमच्यासाठी ही लॉटरीच होती. फोन ३२ जीबीचा, त्यात अर्धी जागा अ‍ॅप्सनीच खाल्लेली. मग काय, फोनचा बॅकअप कॉलेजच्या अकाउंटला जोडला आणि फोन भरला की 'फ्री अप स्पेस'चं बटण दाबायचं. फोन रिकामा, मन हलकं! ते बटण फोनमधली कॉपी उडवतं आणि क्लाउडवरची तेवढी ठेवतं, हे माहीत होतं. पण क्लाउडवरची कॉपी ही आता एकुलती एक कॉपी आहे, हा हिशेब कधी केलाच नाही.

आणि त्या दोन वर्षांत काय काय होतं? कॉलेजचा फेस्ट, गोव्याची ट्रिप, एका मुलाचे दीडशे फोटो (त्याबद्दल पुन्हा कधीतरी). आणि २०१९ चा गणपती. संगमेश्वरजवळच्या आमच्या आजोळचा. आजीचा शेवटचा गणपती.

आजी गेली मे २०२० मध्ये. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. तो मिळून आम्ही निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणजे आजीला मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या गणपतीत. मामेभावानं काढलेला तिचा एक व्हिडिओ होता, जेमतेम सव्वा मिनिटाचा. मोदक वळताना ती मला ओरडतेय असा. तो त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्याचा तो फोन पुढे पाण्यात पडला. म्हणजे उरली होती फक्त माझी कॉपी. आणि माझी कॉपी होती १९ दिवसांत बंद होणाऱ्या अकाउंटवर.

ढग नावाचं गोडाऊन

'क्लाउड' या शब्दानंच आपला घात केलाय. ऐकलं की वाटतं, आपले फोटो वर कुठेतरी अलगद तरंगताहेत. प्रत्यक्षात क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या कॉम्प्युटर्सनी भरलेली भलीमोठी एअरकंडिशन्ड इमारत. आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यातही अशी डेटा सेंटर्स आहेत. तिथे आपण भाडेकरू. आणि भाडेकरूला मालकाचे नियम बदलले की निमूट बदलावं लागतं.

नियम बदलतातही. 'गुगल फोटोज' २०१५ मध्ये आलं तेव्हा 'हाय क्वालिटी'तले फोटो हवे तेवढे फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. तेव्हापासून चढवलेले फोटो १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजले जातात, आणि त्याच १५ जीबीत तुमची जीमेल आणि ड्राइव्हसुद्धा. शाळा-कॉलेजांसाठीची अनलिमिटेड सोयही पुढे गेली आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटपासून सुरू होणारा कोटा आला. मग संस्थांनी जुन्या विद्यार्थ्यांची अकाउंट्स आवरायला घेतली, यात नवल ते काय? ॲपलच्या आयक्लाउडवर तर फुकट जागा ५ जीबीच.

आणखी एक. गुगलचं पर्सनल अकाउंट सलग दोन वर्षं वापरलंच नाही, तर ते डिलीट होऊ शकतं. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. तुमचं ते कॉलेजकाळातलं 'कूल_डूड' टाइप जुनं अकाउंट आठवतंय? आजच एकदा लॉग-इन करून या!

पार्सल मागवायचं, पण रीतसर

फ्लॅटमेटनं मला आधी शांत केलं आणि मग कामाला लावलं. थोडेसेच फोटो हवे असतील तर गुगल फोटोजची वेबसाइट कॉम्प्युटरवर उघडायची, फोटो सिलेक्ट करायचे आणि डाउनलोड. अख्खा अल्बम असेल तर 'डाउनलोड ऑल'. पण माझे होते ८६ जीबी. त्यासाठी असते 'गुगल टेकआउट' नावाची सोय. हॉटेलातून पार्सल मागवावं तसा आपला डेटा मागवायचा.

टेकआउट उघडलं की गुगलची झाडून सगळी खाती आधीच टिक केलेली दिसतात. पहिलं काम, 'डिसिलेक्ट ऑल'. मग खाली जाऊन फक्त गुगल फोटोज टिक करायचं. त्यातही आत जाऊन पाहायचं, कारण एकच फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतो आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही. सगळंच टिक ठेवलं तर पार्सल उगाच फुगतं. मग फाइलचा प्रकार झिप, एका फाइलचा आकार किती ते निवडायचं, आणि ऑर्डर सोडायची. काही तासांनी किंवा काही दिवसांनी मेलवर लिंक येते. ही लिंक साधारण आठवडाभरच चालते, हे लाल पेननं लिहून ठेवा.

मी पहिल्यांदा हुशारी केली. एका फाइलचा आकार निवडला ५० जीबी. म्हटलं दोन फाइल्समध्ये काम खल्लास! आमचं वायफाय ५० एमबीपीएसचं. कागदावर ८६ जीबीला चार तास पुरतात. प्रत्यक्षात रात्री अडीचला सोसायटीची लाइट गेली आणि ४१ जीबी उतरलेली फाइल पाण्यात. पुन्हा लावली, पुन्हा अडकली. धुळवड गेली, आठवडा गेला, लिंकही गेली.

दुसऱ्यांदा शहाणी होऊन १० जीबीचे तुकडे मागवले. नऊ झिप फाइल्स. एक अडकली तर एकच पुन्हा उतरवायची.

तोवर दुसरी अडचण लक्षात आली. माझ्या लॅपटॉपमध्ये जागा होती फक्त ३१ जीबी! आणि जागा लागते दुप्पट, कारण झिप फाइल वेगळी आणि ती उघडल्यावर बाहेर पडणारे फोटो वेगळे. तपकीर गल्लीत जाऊन एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणली आणि ब्राउझरला सांगितलं, बाबा रे, सगळं तिकडेच उतरव.

आजची तारीख, कालचे फोटो

शुक्रवारी रात्री झिप उघडल्या. फोल्डरमध्ये प्रत्येक फोटोवर तारीख तीच, त्या रात्रीची! वर प्रत्येक फोटोशेजारी एक चिमुकली अनोळखी फाइल, जिच्या नावाच्या शेवटी 'जेसन'. मला वाटलं सगळं बिघडलं.

काहीच बिघडलं नव्हतं. एक्सप्लोररमध्ये दिसणारी तारीख ही फाइल कॉम्प्युटरवर तयार झाल्याची असते. फोटो कधी काढला ती तारीख फोटोच्या पोटात, 'एक्झिफ' नावाच्या माहितीत असते. 'डेट टेकन'प्रमाणे लावले की सगळे आपापल्या जागी जाऊन बसतात. जेसन फाइलमध्ये तुम्ही गुगलवर लिहिलेली कॅप्शन, दुरुस्त केलेली तारीख, ठिकाण असं सगळं असतं. कचरा समजून ती उडवू नका. हौस असेल तर 'एक्झिफटूल' नावाच्या फुकट प्रोग्रामनं ती माहिती पुन्हा फोटोत भरता येते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटातली ही माहिती वाटेतच गळून जाते. पण अँड्रॉइडवर त्यांच्या नावातच तारीख असते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती २ सप्टेंबरला. म्हणून मी २०१९०९०२ शोधलं. पंगतीचे फोटो मिळाले, आरतीचे मिळाले, मामाच्या टकलावर बसलेल्या माशीचाही मिळाला.

आजीचा व्हिडिओ नाही.

आदल्या दिवसाच्या तारखेनं शोधलं. नंतरच्या दिवसांच्या तारखांनी शोधलं. नाही. रात्रीचा एक वाजला होता. मी मामेभावाला मेसेज टाकला, 'तू नक्की मलाच पाठवला होतास ना?' तो जागाच होता. 'तुलाच. दुसऱ्या कुणाला नाही.' मी फ्लॅटमेटच्या खोलीचं दार वाजवलं. ती डोळे चोळत आली, स्क्रीन पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "झिप किती होत्या?"

"नऊ."

"इथे तर आठच दिसतायत."

सात नंबरची फाइल अर्ध्यावर फेल झाली होती आणि मी मोजल्याच नव्हत्या! एका वर्षाचे फोटो एकाच झिपमध्ये येतील असं नसतं. फोटो एका तुकड्यात आणि त्याची जेसन फाइल दुसऱ्यात, असंही होतं. म्हणून सगळे तुकडे आधी मोजायचे आणि मग एकाच फोल्डरमध्ये उघडायचे. लिंकचा शेवटचा दिवस होता दुसऱ्याच दिवशीचा, शनिवार.

पहाटे चार वाजता सात नंबरची झिप उतरली. त्यात होता तो. पंचमीच्या सकाळचा, ३ तारखेचा. नैवेद्याचे उरलेले मोदक आम्ही दुसऱ्या दिवशी वळत होतो, हे मी विसरूनच गेले होते.

"बाप्पाचा काढ"

पाडव्याला डोंबिवलीला आईकडे गेले. गुढी उभारून झाली, श्रीखंड-पुरी झाली, आणि मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आजी पडवीत पाटावर बसलेली, हाताला तेल-पाणी लावलेलं. कॅमेऱ्याकडे न बघता मामेभावाला म्हणते, "अरे, माझा कसला काढतोस, बाप्पाचा काढ." मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, किती घाई. हसला बघ तुझा मोदक." मोदक उकलला की तो हसला म्हणायची ती. मागून माझं खिदळणं ऐकू येतं, आणि संपतं.

आईनं तो चार वेळा लावायला लावला. पाचव्यांदा मध्येच थांबवायला सांगितला, आजीच्या हातांवर. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा हरवणार नाही ना गं हे?"

"तीन ठिकाणी ठेवलंय, आई."

हे मी उगाच धीर द्यायला म्हटलं नव्हतं. एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि तिसरी हार्ड डिस्क मामाकडे संगमेश्वरला जाणार होती. पुण्यातलं घर पाण्याखाली गेलं तरी आजी सुखरूप.

विकेंडचं होमवर्क

* तीन-दोन-एक: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला हा फॉर्म्युला. क्लाउडही ठेवा, पण तीनपैकी एक म्हणून.
* आयफोनवाल्यांनो: मॅकवर फोटोज अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड ओरिजिनल्स' निवडा. विंडोजवर 'आयक्लाउड फॉर विंडोज' घ्या. सगळंच मागवायचं असेल तर ॲपलच्या प्रायव्हसी पेजवरून डेटाची कॉपी मागवता येते, त्याला काही दिवस लागू शकतात. फोटो 'हाइक' फॉरमॅटमध्ये आले आणि विंडोजवर उघडले नाहीत, तर घाबरू नका. त्यासाठीचं एक्स्टेन्शन मिळतं.
* डिलीटची घाई नको: आधी झिप मोजा, दहा-वीस फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ उघडून बघा, दुसरी कॉपी करा, मगच क्लाउडला हात लावा. अ‍ॅपमधून डिलीट केलेला फोटो क्लाउडवरून आणि फोनमधूनही जातो. ट्रॅशमधून परत आणायला गुगल फोटोजवर बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ६० दिवस मिळतात, आयक्लाउडवर ३०.
* ऑफिसच्या अकाउंटवर पर्सनल फोटो? नोटीस पिरियडची वाट बघू नका. शेवटच्या दिवशी आयडी कार्डाबरोबर तेही जमा होतं!