वर्धा रोडची दोन टोकं

नागपूरच्या ऑटोवाल्याला 'वर्धा रोड' एवढं म्हटलं की तो पत्ता न विचारता निघतो. अजनी, छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर, विमानतळ, खापरी. त्याच्या हिशेबात रस्ता इथे संपतो. ज्या गावाचं नाव रस्त्याला दिलं, ते अजून तासाभरावर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बुटीबोरीला रस्ता फुटतो. सरळ जाणारा हैदराबादकडे आणि उजवीकडे वळणारा आमच्याकडे येतो. आमच्याकडे म्हणजे वर्ध्याला, आणि वर्ध्याला चिकटून बसलेल्या बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, पिपरी मेघे, नालवाडी, म्हसाळा या गावांकडे.

नागपूरकडच्या टोकाला गेल्या दहा-बारा वर्षांत जे घडलं, ते पाहायला मान वर करावी लागते. खाली जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, आणि हे सगळं एकाच खांबाच्या रांगेवर. 3.14 किलोमीटरच्या या दुमजली पुलाची 2022 मध्ये गिनीज बुकानं नोंद घेतली. तो बांधण्यासाठी छत्रपती चौकातला आधीचा उड्डाणपूल 2016 मध्ये पाडावा लागला, हे मात्र कुठल्याच बुकात नाही. तो पूल म्हातारा झाला म्हणून पडला नाही. बांधताना पुढच्या वीस वर्षांचा विचार कुणी केला नव्हता, म्हणून पडला.

केंद्रीय मंत्रिमंडळानं नागपूर मेट्रोला 2014 च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. सीताबर्डी ते खापरी हा वर्धा रोडवरचा पट्टा मार्च 2019 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला पूर्ण झाला. (समृद्धी महामार्गाचं शिर्डीपर्यंतचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. विदर्भाच्या वाट्याला असे दिवस क्वचित येतात, म्हणून तारीख लक्षात राहते.) त्याच महिन्यात दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली. 43.8 किलोमीटरच्या या टप्प्याची एक फांदी विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत येणार आहे, म्हणजे आमच्या वळणापर्यंत.

पण गाडी आणि खांब हा या गोष्टीचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा नगररचनेच्या कागदात आहे. नागपुरात मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत जादा एफएसआय मिळतो. भूखंड मोठा आणि समोरचा रस्ता रुंद असेल तर तो 4 पर्यंत जातो. सोप्या भाषेत, हजार फुटांच्या जागेवर चार हजार फूट बांधता येतात. यालाच टीओडी म्हणतात, परिवहनकेंद्री विकास. कल्पना अशी की स्थानकापासून पायी पोहोचता येईल एवढ्या अंतरात जास्त लोक राहावेत, खाली दुकानं, वर फ्लॅट, दारात फूटपाथ, आणि मोटार नसली तरी अडू नये. शिवाय जमिनीची किंमत वाढते तिचा काही हिस्सा वाहतुकीच्या खर्चाला मिळावा. नागपूर-पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्कावर जो 1 टक्का जादा अधिभार भरावा लागतो, तो याच विचारातून आलेला.

ही कल्पना जगाला पटवून दिली ती ब्राझीलच्या कुरितिबा शहरानं. वास्तुविशारद असलेले महापौर जैमे लेर्नर यांच्या काळात, 1974 मध्ये, तिथे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी मार्गिका सुरू झाली. उंच इमारतींना परवानगी मिळाली ती त्या बसमार्गांच्या कडेलाच. रस्ता सोडून आत गेलं की घरं बुटकी होत जातात. आधी बसचा मार्ग ठरला आणि त्याच्यामागे इमारती आल्या, हा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो.

पुण्याचंच पाहा. कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, मार्ग डिसेंबर 2006 मध्ये सुरू झाला. पुढे मार्ग वाढले, काही ठिकाणी मार्गिका काढूनही टाकल्या. ज्या गावाला सायकलींचं शहर म्हणत, तिथे 2017 मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र आराखडा मंजूर करावा लागला. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद झाला, बसायला बाक आले, मुलांना खेळायला जागा आली. तिथे आज संध्याकाळी आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात. माझ्या मते पुण्याच्या सगळ्या आराखड्यांत पैसे वसूल झाले असतील तर ते इथे. नाशिकनं त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ असा 1.1 किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' केला. सायकल ट्रॅक, फूटपाथ, सगळं. ते एवढंसं अंतर पूर्ण होईपर्यंत नाशिककरांचा जीव मेटाकुटीला आला. रस्ता नव्यानं घडवणं हे पूल बांधण्याहून किचकट काम आहे. पुलाखाली दुकान नसतं, पाणीपुरवठ्याची नळी नसते, कुणाची ओटी नसते.

आता आमच्या टोकाकडे वळू.

वर्धा हे मुळातच आखून वसवलेलं गाव. 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, ते 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणलं गेलं आणि वर्धा नदीचं नाव नव्या शहराला मिळालं. म्हणजे या गावात कागदावर आधी रेघा ओढल्या गेल्या आणि घरं नंतर उभी राहिली. दीडशे वर्षांनी त्याच शहराच्या कडेला नेमकं उलट चाललं आहे.

जनगणनेतली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. 2001 मध्ये वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 11 हजार होती, 2011 मध्ये ती 1 लाख 6 हजारांवर आली. वाढत्या जिल्हा मुख्यालयाची लोकसंख्या कमी कशी होईल? शहर आटलं नाही. ते पालिकेची हद्द ओलांडून बाहेर गेलं. शेतं लेआउट झाली, लेआउटात प्लॉट पडले आणि नोकरदार माणूस नालवाडीत, पिपरीत, बोरगावात घर बांधून मोकळा झाला. सावंगीला आणि सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालयं, पंचटेकडीवर हिंदी विश्वविद्यालय. त्यांचे विद्यार्थी, कर्मचारी, रुग्णांचे नातेवाईक यांनाही खोल्या लागल्याच.

जनगणनेच्या भाषेत बोरगाव मेघे हे 'जनगणना नगर' आहे. लोकसंख्या किमान 5 हजार, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि पुरुष कामगारांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तीन अटी पूर्ण झाल्या की गावाची गणना शहरात होते. पण हा शिक्का फक्त मोजणीपुरता. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. जगायचं शहरासारखं आणि कर भरायचा गावासारखा, असं ते दुहेरी नशीब. कर कमी म्हणून लोक खूश असतात, पावसाळ्यात नाली तुंबली की तेच लोक चिडतात. ग्रामपंचायतीकडे नगररचनाकार नसतो, बस चालवायचा अधिकार नसतो, मोठ्या रस्त्यावर तर हक्कच नसतो. एकाच रस्त्याचा एक तुकडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, दुसरा जिल्हा परिषदेचा, तिसरा पालिकेचा, चौथा ग्रामपंचायतीचा. डांबराचा रंग बदलला की समजायचं, मालक बदलला.

म्हणून हद्दवाढीची चर्चा वर्ध्यात सारखी डोकं वर काढते. मी तिच्या बाजूचा आहे, थोड्या अनिच्छेनं. पालिकेत गेल्यानं सगळं सुधारेल असा भ्रम नाही, पण एका रस्त्याचा एकच धनी असावा एवढी साधी अट तरी त्यातून पुरी होऊ शकते.

वर्ध्याला रस्त्याच्या प्रश्नावर भांडता येत नाही असं कुणी समजू नये. 2020 मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्ता चौपदरी करायचं काम निघालं आणि कडेची जुनी झाडं पडू लागली. गांधीजींच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी ती झाडं. नागरिक रस्त्यावर आले आणि काम थांबवावं लागलं. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले ते याच बाजूनं, पायी. त्या वाटेवर मोटारींसाठी जागा करायची म्हणून पायी चालणाऱ्याची सावली कापायची, हे वर्धेकरांना पटलं नाही. मला त्या आंदोलनातून शिकण्यासारखं वाटतं ते एवढंच की रुंदीकरण म्हणजे विकास असं समीकरण नाही. रस्ता किती रुंद आहे यापेक्षा त्या रुंदीत कुणाला किती जागा दिली, हे महत्त्वाचं.

हिशेब करून बघा. 18 मीटरचा, म्हणजे साधारण 60 फुटांचा रस्ता घ्या. जाण्या-येण्याच्या दोन मार्गिकांना 7 मीटर पुरतात, एसटीसुद्धा आरामात जाते. दोन्ही बाजूंना 2-2 मीटरचे सायकल ट्रॅक, म्हणजे 4. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फूटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा, दोन्ही बाजूंचे मिळून 3.6. बेरीज 14.6. उरलेल्या 3.4 मीटरमध्ये झाडं, बसथांबा, पानठेला आणि भाजीची हातगाडी. पानठेल्याची जागा आराखड्यात धरा, हे मी मुद्दाम लिहितो आहे. ती धरली नाही तर तो फूटपाथवर येतो, फूटपाथवरचा माणूस सायकल ट्रॅकवर उतरतो, सायकलवाला ट्रकपुढे जातो. अतिक्रमणाची साखळी अशी सुरू होते आणि दोष शेवटी पानठेल्याला.

हे गणित जिथे इमारती अजून रस्त्याला भिडलेल्या नाहीत तिथेच जुळतं. त्या दृष्टीनं आमच्या बाजूची गावं नागपूरपेक्षा नशीबवान. वर्धा रोडच्या त्या टोकाला जागा उरली नव्हती, म्हणून रस्ता तीन मजली करावा लागला. इथे अजून एक-दोन मजली घरं आहेत, मधे रिकामे प्लॉट आहेत, कुठे कुठे कपाशीही आहे. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला एकच एकत्रीकृत बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात समोरचा रस्ता जितका रुंद तितकं बांधकाम जास्त. म्हणजे रस्त्याची रुंदी एकदा कागदावर पक्की झाली की बिल्डरचं पाऊल तिच्यामागे आपोआप पडतं. कागदावर रुंदी नसेल तर खाली गाळे आणि वर फ्लॅट अशी इमारत थेट नालीवर येऊन उभी राहते, आणि एकदा राहिली की तिला हात लावायची कुणाची टाप नसते.

उंच इमारतींची मला हौस नाही. बोरगावला 4 एफएसआयची गरज नाही, मेट्रोचीही नाही. वर्ध्याच्या स्टेशनवर मुंबई–हावडा मार्गाच्या गाड्या थांबतात, यवतमाळ–नांदेडकडच्या नव्या मार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. दूर जायला साधनं आहेत. अडतं ते जवळ जायला. सकाळी कॉलेजात, दवाखान्यात, स्टेशनवर ठरलेल्या वेळी जाणारी छोटी बस, आणि तिच्या थांब्यापर्यंत चिखल न तुडवता नेणारा फूटपाथ. नागपूरच्या मेट्रोत सायकल डब्यात नेता येते, ही सोय मला त्या दुमजली पुलापेक्षा मोठी वाटते. आमच्याकडच्या मुली सायकलनं शाळेत जातात. त्यांना फक्त ट्रकपासून वेगळी अशी दोन मीटरची पट्टी द्यायची आहे.

तेव्हा बोरगावातल्या, सिंदीतल्या, नालवाडीतल्या वाचकांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत नालीचा आणि पथदिव्यांचा विषय काढालच. तो काढा. पण त्याच्या आधी आपल्या मुख्य रस्त्याची मंजूर रुंदी किती आणि ती कोणत्या नकाशावर आहे, एवढं लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.