मोफत वकील मिळेपर्यंतचे दिवस (लेखांक ६)

मार्केट यार्डात माल विकला, पट्टी झाली, चेक मिळाला आणि तो वटला नाही. बँकेकडून हे कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर त्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात. त्यानेही भागलं नाही, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. फिर्यादीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, नोटिशीचा होत नाही. मोफत वकिलाची वाट पाहण्यात हे ३० दिवस गेले आणि चेकची मुदतही संपल्याने तो पुन्हा बँकेत भरता आला नाही, तर वसुलीचा दिवाणी दावा तेवढा उरतो. आणि तो किती वर्षं चालतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

मोफत वकील विधी सेवा प्राधिकरण देतं. त्याच्या नियमांनुसार अर्जावर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. मुदत वाईट नाही. दिवस जातात ते त्याच्या आधी आणि नंतर.

आधीचे जातात कागदांत. वकील मागायचा तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवाच, असं जो तो सांगतो. प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्याचं कलम १३ मात्र म्हणतं, की अविश्वासाचं कारण नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, पण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना ती लागूच नाही. भुसार बाजारात धान्य निवडणाऱ्या बाईकडे दाखला मागणं म्हणजे तिचा एका दिवसाचा रोज बुडवणं. अर्ज लिहिता येत नसेल, तर सांगितलेलं उतरवून अंगठा घेण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे.

बाजार पहाटे सुरू होतो आणि प्राधिकरणाचं कार्यालय पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात, कोर्टाच्या वेळेत. १५१०० हा फोन आहे, ऑनलाइन अर्जही आहे; तरी माझ्या मते बाजार उरकल्यावर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातच, हमाल भवनात, विधी स्वयंसेवक बसला पाहिजे. हमाल पंचायत ही संघटना १९५५पासून इथल्या कष्टकऱ्यांची आहे. तिच्या हमाल भवनाची पायरी चढायला कुणी बिचकत नाही, कोर्टाची चढताना बिचकतात.

नंतरचे दिवस जातात वकील नेमण्यात. फौजदारी आरोपींसाठी २०२२च्या योजनेत पगारी, पूर्णवेळ वकील आले. आमचा शेतकरी फिर्यादी, त्यामुळे त्याच्या वाट्याला पॅनेलवरचे वकील, ज्यांची स्वतःची प्रॅक्टिसही चालू असते. ही खरी अडचण आहे आणि अर्जाची मुदत कमी करून ती सुटत नाही. अर्ज मंजूर झाल्याच्या पत्रावर वकिलाचं नाव आणि फोन मागून घ्यावा. नामंजूर झाला, तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

तोवर नोटीस थांबवू नये. तिला वकिलाची सही लागत नाही. चेकचा नंबर, तारीख, रक्कम, बँकेचा शेरा आणि पैशांची स्पष्ट मागणी मराठीत लिहून स्पीड पोस्टाने पाठवावी, पावती जपावी.

पुढच्या आठवड्यात लोकअदालत.