फ्यूज पुन्हा उडाला? तार जाड करू नका!

‘अहो, पुन्हा फ्यूज उडाला!’ बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी गेल्या हिवाळ्यात रोज सकाळी ही हाक ठरलेली. घर किल्ल्याजवळचं, जुनं, भाड्याचं. फ्यूजही जुन्या पद्धतीचे, चिनी मातीचे. गिझर लावला की फ्यूज गेलाच. चार दिवस भावोजींनी नवी तार घातली. पाचव्या दिवशी वैतागून जुन्या वायरमधले तांब्याचे चार-पाच पदर पिळून बसवले आणि म्हणाले, ‘आता बघू कसा उडतो!’

खरंच, फ्यूज उडाला नाही. पण दोनच दिवसांनी न्हाणीघरात जळकट वास आला आणि बहिणीने नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या. सुदैवाने पायात रबरी चपला होत्या.

वायरमनने गिझर उघडला तेव्हा उलगडा झाला. त्या भागात बारमाही नदी नाही, पाणी बोअरचं आणि जड. त्यातल्या क्षारांचा जाड थर हीटिंग एलिमेंटवर साचला होता. त्यामुळे उष्णता बाहेर पडेना. एलिमेंट जास्त तापून त्याचं आवरण तडकलं आणि वीज पाण्यात व टाकीत उतरू लागली. फ्यूज उडत होता तो याच कारणाने. जाड तार घातल्यावर तो उडेना. त्याऐवजी अर्थिंगची बारीक तार सॉकेटात जळून तुटली. मग टाकीतली वीज जमिनीत जाणार कुठून? ती नळापर्यंत आली.

घरातला रखवालदार

फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कमकुवत जागा आहे. भिंतीतली वायर तापण्याआधी ती वितळावी, एवढंच तिचं काम. ती वारंवार वितळते याची मुख्य कारणं दोन: जादा भार किंवा बिघाड.

भाराचा हिशेब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटना २३० ने भागा. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, १५०० वॅटची किटली ६.५. दोन्ही मिळून जवळजवळ ११! पाच अँपिअरच्या लाइनवर एकाच वेळी दोन्ही लावली, तर फ्यूजचा काय दोष? २००० वॅटच्या गिझरला ८.७ अँपिअर लागतात. त्याला मोठा प्लग आणि स्वतंत्र लाइनच हवी.

चोर कसा पकडाल?

मेन स्विच बंद करा. सगळे प्लग काढा, दिव्या-पंख्यांची बटणं बंद करा. योग्य मापाचीच फ्यूजतार बसवून मेन सुरू करा. काहीच न लावता फ्यूज उडाला, तर दोष वायरिंगमध्ये आहे, वायरमनला बोलवा. नाही उडाला, तर एकेक उपकरण लावून पाहा. ज्याच्यावर उडेल, ते दुरुस्तीला द्या. दोन एकत्र लावल्यावरच उडत असेल, तर भार जास्त आहे.

तार मधोमध शांतपणे वितळली असेल, तर बहुधा भार जास्त झालेला असतो. धारकावर काजळी आणि धातूचे शिंतोडे दिसले, तर शॉर्टसर्किटचा संशय घ्या.

टीव्ही किंवा मायक्रोवेव्हच्या आतला काचेचा फ्यूज गेला की त्यावर चांदीचा कागद गुंडाळणारे बहाद्दरही असतात. तसं चुकूनही करू नका. मायक्रोवेव्ह तर घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक दाब शिल्लक राहू शकतो.

नव्या घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असतात. ते सारखे पडत असतील, तर मोठ्या मापाचे बसवणं म्हणजे जाड तार घालण्यासारखंच. शिवाय एमसीबीला बारीक गळती कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहा.

मावसबहिणीच्या गिझरला नवं एलिमेंट बसलं, अर्थिंग नीट झालं. आता दर वर्षी आतला क्षार साफ होतो. भावोजींची ती तांब्याची तार मात्र बहिणीने जपून ठेवली आहे. पाहुण्यांना दाखवायला!