‘साधं टाकू की पॉवर?’

पनवेल म्हणजे रस्त्यांचा सांधा. पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग सुटतो, कळंबोलीहून द्रुतगती मार्ग, आणि जुना पुणे रस्ता शेडुंगवरून खोपोलीकडे निघतो. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी असो, लोणावळ्याला निघालेली कॉलेजची पोरं असोत की तळोजा एमआयडीसीत शिफ्टला जाणारा कामगार, टाकी बहुतेकांची इथेच भरते. पंपावरचा पोरगा ‘झिरो बघा’ म्हणण्याआधी विचारतो, ‘साधं टाकू की पॉवर?’ मागे रांग लागलेली, हॉर्न वाजत असतात. कुणी ‘पॉवर मार’ म्हणतो, कारण गाडी नवी आहे. कुणी ‘साधंच’ म्हणतो, कारण महिनाअखेर आहे. गाडीला काय हवंय, हे मात्र दोघांनीही पाहिलेलं नसतं.

‘पॉवर टाकलं की गाडीला ताकद येते’

अर्धा गैरसमज नावांनीच केला आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमचं ‘पॉवर’, भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’, इंडियन ऑइलचं ‘एक्सपी 95’ आणि ‘एक्सपी 100’. ऐकूनच अ‍ॅक्सिलरेटर पिळावासा वाटतो. पण नावापुढचा आकडा ताकदीचा नसतो, सहनशक्तीचा असतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. दाब आणि उष्णता फार झाली, तर मिश्रणाचा उरलेला भाग ज्वाळा पोचण्याआधी आपणहून भडकतो. तेच नॉकिंग. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल असं अवेळी पेटायला नकार देतं. लिटरमागची ऊर्जा त्यामुळे वाढत नाही.

ज्या इंजिनात दाब मुळातच जास्त ठेवलेला असतो, टर्बो असतो, त्याला ही सहनशक्ती लागते. काही महागड्या परदेशी बनावटीच्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणाआड 95 चा आकडा छापलेला असतो, तो याचसाठी. अशा गाडीत नॉक सेन्सर असतो. कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं की संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गाडी थोडी मंदावते. तिथे वरचं पेट्रोल टाकलं तर फरक खरोखर जाणवेल. पण 110 सीसीची बाईक किंवा घरची साधी हॅचबॅक 91 ऑक्टेनवर नीट चालेल अशीच बनवलेली असते. तिला 100 दिलं, तरी जास्तीच्या सहनशक्तीचा उपयोग करण्याची सोयच तिच्यात नसते.

अमेरिकेत मोटारचालकांच्या ‘ट्रिपल ए’ या मोठ्या संस्थेने 2016 मध्ये हे तपासलं. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून पाहिलं; ना ताकद वाढली, ना अ‍ॅव्हरेज. तिथल्या चालकांनी वर्षभरात 2.1 अब्ज डॉलर असे उगाच घालवले, असा त्यांचा हिशेब होता. तिथलं साधं पेट्रोल त्यांच्या मोजमापात 87 असलं, तरी आपल्या मोजमापात ते साधारण 91 च भरतं. म्हणजे तुलना अगदी गैरलागू नाही.

‘95 म्हणजे साध्याच्या वरचं’

या बाबतीत गेल्या काही वर्षांत मोठी उलथापालथ झाली आणि पंपावर कुणी ती सांगत नाही. आपल्याकडे साधं पेट्रोल एके काळी 88 ऑक्टेनचं होतं. पुढे ते 91 झालं. मग इथेनॉल आलं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास असल्यामुळे 20 टक्के मिसळल्यावर मिश्रणाचा आकडा आपसूक वर जातो. 20 टक्के इथेनॉलच्या या ई-20 पेट्रोलवरून वाद पेटला तेव्हा, ऑगस्ट 2025 मध्ये, पेट्रोलियम मंत्रालयानेच खुलासा केला की ई-20 मुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आता 95 झाला आहे. मंत्रालयाचं म्हणणं प्रमाण मानलं, तर ‘95’ चा बोर्ड लावून जे जास्त पैशांना विकलं जातं, तो आकडा शेजारच्या साध्या नोझलमध्येही आहे. उरतात ती फक्त अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजिन साफ ठेवण्यासाठी मिसळलेली रसायनं.

अनेकांना वाटतं की प्रीमियम घेतलं म्हणजे इथेनॉलपासून सुटका झाली. तसंही नाही. 95 च्या वर्गातलं प्रीमियमसुद्धा सर्वसाधारणपणे इथेनॉल मिसळूनच येतं. इथेनॉलविरहित म्हणून लोक शोधतात ते 100 ऑक्टेनचं. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने ‘एक्सपी 100’ आणलं. मथुरेच्या कारखान्यात बनणारं, पहिल्या फेरीत मुंबई-पुण्यासह दहा शहरांत. त्याचा दर साध्याच्या जवळपास दीडपट असतो. जुनी, जिवापाड जपलेली, रविवारीच बाहेर निघणारी बाईक असेल तर हौसेला मोल नाही. रोज पनवेल-बेलापूर करणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये.

ई-20 ने अ‍ॅव्हरेज कमी होतं, ही तक्रार मात्र गैरसमज नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के आणि दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली होती. फक्त तिच्यावर इलाज म्हणून 95 चं प्रीमियम घेणं म्हणजे तेच औषध महागड्या बाटलीतून घेण्यासारखं आहे.

‘स्वस्त पंपाचं पेट्रोल हलकं’

इंग्लंडमध्ये टेस्को, अ‍ॅस्डासारख्या दुकानांच्या आवारात पेट्रोल मिळतं आणि तिथेही ‘दुकानाचं पेट्रोल इंजिन खातं’ अशी कुजबुज असते. आपल्याकडे किराणा साखळ्यांनी पंप काढायची रीत पडली नाही. 2019 मध्ये केंद्राने नियम सैल केले, 250 कोटींची निव्वळ मालमत्ता असलेल्या बिगर-तेल कंपनीलाही परवाना मागता येईल असं ठरवलं, तरीही नाही. आपल्याकडे तो संशय खासगी पंपांच्या वाट्याला आला. ‘सरकारी पंपावरच भरतो, खासगीचं काय सांगावं?’ असं म्हणणारे पनवेलमध्येही भेटतील.

योगायोग असा की जिओ-बीपीचा देशातला पहिला पंप पनवेललगत नावड्यालाच उघडला, 26 ऑक्टोबर 2021 रोजी. त्यांची जाहिरातच अशी होती की, आमच्याकडे साधं वेगळं आणि प्रीमियम वेगळं नाही. इंजिन साफ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह सगळ्यांनाच, वेगळे पैसे न घेता. खासगी कंपन्यांचे दर कधी सरकारी कंपन्यांपेक्षा खाली असतात, कधी वर. 2022 मध्ये ते चढे होते, 2023 च्या जूनमध्ये नायरा लिटरमागे 1 रुपया कमी घेत होती. ही बाजाराची गणितं आहेत, पेट्रोलच्या दर्जाची नव्हेत. भारतीय मानक ब्यूरोचं मानक सगळ्यांना एकच लागू आहे, गंधकाची 10 पीपीएमची मर्यादाही सगळ्यांना तीच. शिवाय इंडियन ऑइलचा महाराष्ट्रात एकही शुद्धीकरण कारखाना नाही; मुंबईतले दोन्ही, माहुलचे, भारत आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे. कंपन्या आपसात माल देतात-घेतात. त्यामुळे ‘आपल्या’ कंपनीचं साधं पेट्रोल शेजारच्याच कारखान्यातून आलेलं असू शकतं.

‘निदान इंजिन तरी साफ राहतं’

यात मात्र तथ्य आहे. ‘स्पीड’ 2002 मध्ये आलं तेव्हा त्याची ओळखच अ‍ॅडिटिव्हची होती. चांगलं डिटर्जंट इंजेक्टरवर आणि व्हॉल्व्हवर साचणारी काजळी कमी करतं. त्याच ‘ट्रिपल ए’ने 2016 मध्येच दुसरी एक चाचणी केली होती. ठरलेल्या दर्जाचं डिटर्जंट असलेलं आणि नसलेलं पेट्रोल 4,000 मैल चालवल्यावर, नसलेल्यात सरासरी 19 पट जास्त थर साचलेला निघाला. पण ते डिटर्जंट तिथे साध्या पेट्रोलमध्येही मिळतं, त्याचा ऑक्टेनशी संबंध नाही. आणखी एक मेख अशी की, ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे ते इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. तिथे भारीतलं भारी पेट्रोलही व्हॉल्व्ह धुऊ शकत नाही.

आता पैशांचं. समजा साधं 104 रुपये आणि प्रीमियम 112. लिटरला 45 देणाऱ्या बाईकने प्रीमियमवर जवळजवळ साडेअठ्ठेचाळीस दिले, तरच बरोबरी होईल, फायदा त्यानंतर. एवढी वाढ कुठलंही अ‍ॅडिटिव्ह देत नाही. त्यात ब्रँडेड पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्कही गेली काही वर्षं साध्यापेक्षा लिटरमागे सव्वा रुपयाच्या आसपास जास्त राहिलं, आणि राज्याचा व्हॅट टक्क्यांत असल्याने तोही फुगतो. आठ रुपयांतले सगळे रसायनाचे नसतात. सर्व्हिसिंग वेळेवर, एअर फिल्टर साफ आणि टायरमध्ये हवा पुरेशी, एवढ्यावर तेच पैसे जास्त कामी येतात.

गाडीला वरचं पेट्रोल लागतं का, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बोरघाट आहेच. मागे कुणाला बसवा, जुन्या रस्त्याने खोपोलीच्या पुढे चढाला लागा आणि थोडा वेळ वरच्या गिअरमध्ये राहून कान द्या. भार घेताना डबीत खडे हलवल्यासारखी टकटक आली, तर नॉकिंग आहे. खालच्या गिअरमध्ये ती थांबली, तर दोष गिअर टाकण्यातला. तरीही राहिली, तर आधी मेकॅनिक, आणि मग एखादी टाकी वरच्या ऑक्टेनची.

‘पॉवरमध्ये भेसळ नसते’

नोझल कुठलाही असो, मापात मारणारा मारतोच. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. चिपला साधं-प्रीमियम कळत नाही. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरण्याचा धोकाही दोन्हींना सारखाच, आणि इथेनॉल पाणी ओढतं. संशय आला तर फिल्टर पेपर मागा. त्यावर थेंब टाका. दोन मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. घनता विचारा, सकाळच्या नोंदीशी 15 अंशांच्या हिशेबात 3 एककांपेक्षा जास्त फरक असता कामा नये. वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं. त्यात 25 मिलिलिटरहून जास्त घट भरली, तर तक्रार करता येते. हे मागायला लाज वाटायचं कारण नाही, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. आणि प्रीमियमचेच पैसे मोजले असतील, तर बिल घ्या. त्यावर पेट्रोलचा प्रकार छापलेला असतो. ‘पॉवर’ सांगून साधं टाकलंय का, ते तिथेच कळतं.