परक्याच्या बैलाचा न्याय

ज्यू धर्म कुणाच्या धर्मांतराच्या मागे लागत नाही. 'तुम्ही आमच्यासारखे व्हा' असं न म्हणणारी ही परंपरा मग इतर धर्मांना आणि इतर समाजांना कोणत्या कसोटीवर पाहते? तालमूदपासून तिरुपतीपर्यंत पोचलेल्या एका जुन्या वादाची ही ओळख.

तालमूद म्हणजे ज्यू पंडितांच्या धर्मशास्त्रीय चर्चांचा महासंग्रह. त्याच्या 'बाबा कम्मा' या खंडात एक गोष्ट आहे. रोमन राजवटीनं आपले दोन अधिकारी ज्यू पंडितांकडे पाठवले. तुमचं धर्मशास्त्र आम्हाला शिकवा, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. निघताना ते म्हणाले, एक कलम सोडून बाकी सगळं पटलं. ज्यू माणसाच्या बैलानं परक्याच्या बैलाला शिंग मारून ठार केलं तर भरपाई नाही. परक्याच्या बैलानं ज्यूचा बैल मारला, तर मात्र पूर्ण भरपाई. हे कलम कोणत्याही बाजूनं पाहिलं तरी पटत नाही, असं सांगून, पण सरकारला ते कळवणार नाही अशी ग्वाही देऊन ते निघून गेले.

तालमूदच्या संकलकांना ही गोष्ट गाळता आली असती. परक्या राजवटीच्या अधिकाऱ्यांनी आपल्या धर्मशास्त्रातला पक्षपात दाखवला, हे कुणाला मिरवावंसं वाटेल? पण त्यांनी ती जपून ठेवली. जेरुसलेमचा तालमूद या दुसऱ्या संग्रहात तर तिला पुढचा भागही आहे. अधिकाऱ्यांचे आक्षेप ऐकल्यावर रब्बान गमलियेल यांनी परक्याकडून लुबाडलेल्या मालाचा वापर निषिद्ध ठरवला, कारण अशा वागण्यानं देवाचं नाव बदनाम होतं. बाहेरच्यानं दोष दाखवला आणि आतल्यांनी नियम बदलला.

इतर धर्मांविषयीचा ज्यू विचार समजून घ्यायचा तर या गोष्टीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. या परंपरेत विलक्षण उदार वचनं आहेत आणि खटकणारी, पक्षपाती कलमंही आहेत. दोन्ही एकाच ग्रंथात, कधी एकाच पानावर आहेत. प्रत्येक पिढीत कुणीतरी ती पानं नव्यानं वाचली आणि कोणतं वचन प्रमाण मानायचं ते ठरवलं. या परंपरेचं औदार्य आयतं मिळालेलं नाही, ते भाष्यकारांनी कमावलेलं आहे.

सात आज्ञा सगळ्यांना

पायाभूत कल्पना साधी आहे. जलप्रलयानंतर उरलेली सगळी मानवजात नोहाची संतती. देवानं तिला सात आज्ञा दिल्या: मूर्तिपूजा नको, देवाची निंदा नको, खून नको, निषिद्ध लैंगिक संबंध नकोत, चोरी नको, जिवंत जनावराचा लचका तोडून खाणं नको आणि न्यायालयं स्थापन करा. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या 'तोसेफ्ता' या संग्रहात ही यादी येते आणि पुढे तालमूदात तिची चर्चा होते. सिनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या 613 आज्ञा फक्त ज्यूंसाठी. शब्बाथ पाळणं, खाण्यापिण्याचे कडक नियम हे इतरांना लागू नाहीत. 'निवडलेले लोक' या कल्पनेचा हा अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही: निवड झाली म्हणजे जबाबदारीचं ओझं वाढलं.

मग परलोकाचं काय? त्याच तोसेफ्तात दोन रब्बींचा वाद आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, इतर राष्ट्रांतल्या कुणालाही येणाऱ्या जगात वाटा नाही. रब्बी यहोशवा म्हणतात, इतर राष्ट्रांतही नीतिमान माणसं आहेत आणि त्यांना वाटा आहे. पुढच्या परंपरेनं यहोशवांचं मत उचललं. बाराव्या शतकात मायमोनिडीज या तत्त्वज्ञ धर्मशास्त्र्यानं ते आपल्या धर्मसंहितेत पक्कं केलं.

याचे परिणाम दूरगामी झाले. उद्धारासाठी ज्यू होण्याची गरजच नसेल, तर कुणाला ज्यू करण्यासाठी धडपडायचं कशाला? उलट, धर्मात येऊ इच्छिणाऱ्याला आधी विचारावं, असं तालमूद सांगतं: आज हे लोक किती छळले जातात हे तुला ठाऊक नाही का? गावातल्या परधर्मी गरिबांना मदत करावी, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करावी, त्यांच्या मृतांना मूठमाती द्यावी, असंही ते बजावतं, शांतता नांदावी म्हणून. तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नाच्या मते देवानं सुरुवातीला एकट्या आदामालाच घडवलं, ते 'माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर' असं कुणी कुणाला म्हणू नये म्हणून.

1769 मध्ये योहान लाव्हाटर या स्विस धर्मोपदेशकानं बर्लिनमधल्या मोझेस मेंडेल्सझोन या ज्यू तत्त्वज्ञाला जाहीर आव्हान दिलं: ख्रिस्ती धर्माचं खंडन करा, नाहीतर तो स्वीकारा. मेंडेल्सझोनच्या उत्तराचा आशय असा होता की, आज कन्फ्यूशियस किंवा सोलोन हयात असता तर मी त्याच्यावर मनापासून प्रेम केलं असतं. त्याला ज्यू करण्याचा हास्यास्पद विचार माझ्या मनात आला नसता.

मायमोनिडीज: एक दार उघडं, एक बंद

पण सात आज्ञांतली पहिलीच गाठ अवघड आहे. मूर्तिपूजा कशाला म्हणायचं? 1138 मध्ये स्पेनमधल्या कोर्दोव्हात जन्मलेला आणि पुढे इजिप्तमध्ये स्थिरावलेला मायमोनिडीज मुस्लिम राजवटींत वाढला. इस्लाम शुद्ध एकेश्वरवादी आहे याविषयी त्याला शंका नव्हती. ओबद्या नावाच्या एका धर्मांतरितानं त्याला पत्रातून याविषयीच विचारलं होतं. मुस्लिम मूर्तिपूजक नाहीत, असं ओबद्या म्हणाला होता आणि त्यावरून त्याच्या गुरूनं त्याला मूर्ख ठरवलं होतं. मायमोनिडीजनं ओबद्याची बाजू घेतली आणि गुरूला खडे बोल सुनावले. आपल्या आईबापांचा धर्म सोडून आलेल्या माणसाचा असा अपमान करणाऱ्यानं क्षमा मागावी, असं त्यानं लिहिलं.

ख्रिस्ती धर्माला मात्र त्यानं मूर्तिपूजेत गणलं. आणि तरीही तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, ख्रिस्ती माणसाला शिकवायला हरकत नाही, मुस्लिमाला शिकवू नये, असा त्याचाच निर्णय आहे. कारण ख्रिस्ती लोक तोराचा मजकूर जसाच्या तसा मानतात. दोन्ही धर्मांनी देवाचं आणि मसीहाचं नाव दूरच्या बेटांपर्यंत नेलं आणि येणाऱ्या काळाची वाट तयार केली, असंही त्यानं लिहिलं. युरोपातल्या सेन्सॉरनी त्याच्या ग्रंथातला हा भाग बराच काळ छापू दिला नाही.

त्यानं आणखी एक अट घातली. परधर्मी माणसानं सात आज्ञा देवानं मोशेमार्फत दिल्या आहेत असं मानून पाळल्या पाहिजेत. केवळ स्वतःच्या बुद्धीला पटतात म्हणून पाळल्या तर त्याला 'नीतिमान' ही पदवी नाही. ही अट मेंडेल्सझोनला इतकी बोचली की 1773 मध्ये त्यानं रब्बी याकोब एम्डेन यांना पत्र लिहून विचारलं: म्हणजे आपण सोडून पृथ्वीवरचे बाकी सगळे लोक परलोकाच्या वाट्याबाहेर का?

पेर्पिन्याँचा पंडित

बैलाच्या कलमाला सगळ्यात समर्थ उत्तर मिळालं ते मेनाखेम मेइरी यांच्याकडून. 1249 मध्ये आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्याँ इथे जन्मलेल्या या पंडिताचा काळ ज्यूंसाठी भयंकर होता. त्यांच्या जन्माआधी काही वर्षं पॅरिसमध्ये तालमूदच्या गाड्या भरभरून प्रती जाळल्या गेल्या होत्या. 1290 मध्ये इंग्लंडनं ज्यूंना हाकललं, 1306 मध्ये फ्रान्सच्या राजानं. अशा काळात शेजाऱ्यांविषयी कडू लिहिलं असतं, तर कुणी दोष दिला नसता.

मेइरींनी तालमूदचाच धागा पकडला. परक्याच्या बैलाला भरपाई का नाही? तालमूदनं कारण दिलं होतं: त्या राष्ट्रांनी सात आज्ञा पाळल्या नाहीत. मेइरी म्हणाले, मग जी राष्ट्रं त्या पाळतात, त्यांना आपल्या न्यायालयात आपल्याइतकाच न्याय मिळाला पाहिजे, कोणताही पक्षपात न करता. धर्माच्या वाटेनं बांधलेले, म्हणजे कायदा, नीती आणि देवाचं भय मानणारे समाज ही त्यांनी स्वतंत्र वर्गवारी केली आणि आपल्या भोवतालच्या ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजांना तिच्यात बसवलं. तालमूदमधली कठोर कलमं कायदा न मानणाऱ्या प्राचीन समाजांपुरती आहेत, असं त्यांनी ठिकठिकाणी लिहिलं. बैलाची भरपाई, हरवलेली वस्तू परत देणं, व्यवहारात समोरच्याची चूक झाली तर ती दाखवून देणं, या सगळ्यात ज्यू आणि शेजारी समान.

या वाचनातली मुख्य गोष्ट अशी की त्यांनी श्रद्धेच्या तपशिलाऐवजी समाजाची घडी पाहिली. ख्रिस्ती त्रैक्याचं तत्त्व बरोबर की चूक, हा प्रश्न त्यांनी हक्कांच्या आड येऊ दिला नाही. सेन्सॉरच्या भीतीपोटी हे लिहिलं का, अशी शंका घेतली गेली आहे. याकोब कात्झ आणि मोशे हाल्बरताल या अभ्यासकांनी मात्र ही भूमिका तत्त्वाचीच होती, असं दाखवून दिलं. मेइरींचं पुष्कळसं लिखाण शतकानुशतकं हस्तलिखितातच होतं. ते विसाव्या शतकात छापून आलं तेव्हा कुठे ही भूमिका अभ्यासूंपर्यंत पोचली.

दुसरी बाजूही आहे

ही एकच धारा आहे असं म्हटलं तर ती दिशाभूल ठरेल. बाराव्या शतकातल्या यहुदा हालेवी या थोर कवीनं ज्यूंमध्ये जन्मतःच वेगळा दैवी गुण असतो, असं मांडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हसिदी पंथातल्या 'तान्या' या ग्रंथात ज्यू आणि परधर्मी आत्म्यांचा दर्जाच वेगळा धरला आहे. 2009 मध्ये इस्राएलमध्ये 'तोरात हामेलेख' नावाचं पुस्तक निघालं. युद्धकाळात परधर्मीयांना ठार मारणं केव्हा चालतं, याची चर्चा त्यात अशा रीतीनं केली होती की अनेक रब्बींनी तिचा कडक निषेध केला. हे पुस्तकही जुन्याच ग्रंथांचे दाखले देतं. ग्रंथ तेच, वाचणारे वेगळे.

उदार वाचनाची किंमतही मोजावी लागते. ब्रिटनचे मुख्य रब्बी जोनाथन सॅक्स यांनी 2002 मध्ये 'द डिग्निटी ऑफ डिफरन्स' या पुस्तकात धर्मांची विविधता ही देवाचीच इच्छा आहे, असं मांडलं. सनातनी रब्बींनी एवढा विरोध केला की पुढच्या आवृत्तीत त्यांना काही वाक्यं बदलावी लागली.

तिरुपतीचे केस आणि जेरुसलेमचा करार

मेइरींच्या कसोटीपुढे आपल्याला जवळचा प्रश्न येतो तो हिंदूंचा. सनातनी ज्यू समाजात लग्न झालेल्या स्त्रिया केस झाकतात. अनेक जणी त्यासाठी केसांचा टोप वापरतात. मे 2004 मध्ये जेरुसलेमचे ज्येष्ठ रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी तिरुपतीला मुंडन केलेल्या भाविकांच्या केसांचे टोप निषिद्ध ठरवले. मूर्तीला अर्पण केलेल्या वस्तूपासून कोणताही लाभ घेता येत नाही, हा त्यामागचा नियम. निर्णयाआधी लंडनच्या एका रब्बींना चौकशीसाठी तिरुपतीला पाठवलं होतं. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर महागडे टोप जाळले गेले. मुंडन हे अर्पण आहे की नवसाचा, अहंकार सोडण्याचा विधी, यावर रब्बींमध्येच मतभेद झाले. पण भाविक स्वतः काय मानतो, हे विचारल्याशिवाय त्याच्या पूजेला नाव देता येईल का, हा खरा प्रश्न त्यातून पुढे आला.

तो प्रश्न लवकरच समोरासमोर विचारला गेला. 2007 मध्ये दिल्लीत आणि 2008 मध्ये जेरुसलेममध्ये इस्राएलचे मुख्य रब्बी आणि हिंदू धर्माचार्य स्वामी दयानंद सरस्वती यांच्या पुढाकारानं हिंदू-ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदा झाल्या. दुसऱ्या परिषदेच्या निवेदनात नमूद झालं की हिंदू निर्गुण आणि सगुण रूपांत एकाच परमेश्वराची उपासना करतात. सगळ्या रब्बींनी ते मानलं असं नाही. पण हिंदूंच्या श्रद्धेचं वर्णन हिंदूंच्या तोंडून ऐकून घेतलं गेलं, हे मोठं पाऊल होतं.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला अशा निवेदनाची वाट पाहावी लागली नाही. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' अशी ओळख मिळालेला हा समाज शतकानुशतकं हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांत राहिला. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि केली. मलिद्याच्या विधीत पोहे, गूळ, खोबरं आणि फळं ठेवून ते एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण करतात. शेजाऱ्याची रीत उचलायची आणि देव आपलाच ठेवायचा, हे त्यांना अवघड गेलं नाही.

सत्ता हाती आल्यावर

जवळजवळ दोन हजार वर्षं ज्यू सगळीकडे अल्पसंख्य होते. परक्याशी कसं वागावं, हा प्रश्न त्यांच्यासाठी बहुतेक वेळा दुबळ्याचा प्रश्न होता. 1948 मध्ये तो बदलला. इस्राएलच्या स्वातंत्र्याच्या घोषणेनं धर्म, वंश आणि लिंग न पाहता सर्व नागरिकांना समान सामाजिक आणि राजकीय हक्कांचं वचन दिलं. नव्या राष्ट्राचे अश्केनाझी (युरोपीय परंपरेतल्या ज्यूंचे) मुख्य रब्बी आयझॅक हर्ट्झोग यांनी धर्मशास्त्राच्याच आधारे मुस्लिम आणि ख्रिस्ती अल्पसंख्याकांच्या हक्कांची बाजू मांडली. आज त्या देशातले सुमारे पाचातले एक नागरिक अरब आहेत, आणि त्याच्या सत्तेखाली नागरिकत्व नसलेले लाखो पॅलेस्टिनीही राहतात.

मेइरींची भूमिका छळ सोसणाऱ्यानं मांडली होती, तिची परीक्षा आता राज्य करणाऱ्याच्या हाती आहे. जमिनीच्या वादात, पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि तपासणी नाक्यावर परक्याला समान न्याय मिळतो का, आणि धार्मिक शाळांतल्या मुलांना मेइरी शिकवले जातात की 2009 चं ते पुस्तक, हे तिथल्या रब्बींनी आणि मतदारांनी ठरवायचं आहे. समान न्यायासाठी लागणारा शास्त्राधार त्यांच्याच ग्रंथांत सातशे वर्षं तयार आहे, म्हणून तो नाकारला गेला तर दोष ग्रंथांवर ढकलता येणार नाही.