तिरपी रेघ आणि डबल बेल

संगणकाशी बोलताना : लेखांक ९

पनवेलच्या एसटी स्टँडवरून गाडी निघते तेव्हा कंडक्टर दोन भाषा बोलत असतो. "पुढे सरका, दारात उभे राहू नका," हे तोंडाने, प्रवाशांना. ड्रायव्हरसाठी मात्र तो दोरी ओढतो. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडीत कितीही गलका असो, घंटी वाजली की ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळते.

आयआरसीवरच्या, म्हणजे इंटरनेटवर टाइप करून मारायच्या गप्पांत ही घंटी म्हणजे स्लॅश, आपली तिरपी रेघ. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी सुरू केले, तेव्हा पडद्यावर ना बटणे होती, ना चित्रे. खाली टाइप करायला एक ओळ, बस्स. त्या एकाच ओळीतून माणसांशीही बोलायचे आणि यंत्रालाही सांगायचे, तर फरक कसा ओळखायचा? उत्तर साधे निघाले. ओळीचे पहिले अक्षर तिरपी रेघ असेल तर तो हुकूम, नसेल तर ते बोलणे. गप्पा मारताना कोणी वाक्याची सुरुवात या चिन्हाने करत नाही, म्हणून ते चिन्ह यासाठी मोकळे होते.

नेहमी लागणारे हुकूम थोडेच आहेत (टाइप रोमन अक्षरांत करायचे, इथे वाचण्यापुरते देवनागरीत देतो). /जॉइन म्हणजे चॅनेलमध्ये (गप्पांच्या खोलीत) शिरणे, /पार्ट म्हणजे तिथून उठणे, /निक म्हणजे टोपणनाव बदलणे, /एमएसजी म्हणजे एकाच्याच कानात सांगणे, /क्विट म्हणजे निरोप. हे पाच हातात बसले की महिनाभराचे काम चालते.

आत काय घडते तेही पाहू. तुम्ही /जॉइन लिहिता तेव्हा ती रेघ सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. तुमच्या संगणकावरचा क्लायंट, म्हणजे इरसी किंवा वीचॅट, ती काढून ठेवतो आणि सर्व्हरला समजेल असा शब्द पुढे पाठवतो. /एमएसजीचा तर शब्दच बदलतो. सर्व्हरकडे तो 'प्रिव्हमेसेज' म्हणून जातो. काही हुकूम घराबाहेर पडतच नाहीत. इरसीमध्ये /इग्नोर लिहून एखाद्याचे बोलणे बंद केलेत, तर ते फक्त तुमच्या पडद्यावरून जाते. तो माणूस बोलत राहतो आणि बाकीचे ऐकत राहतात. वाद झाला की नवीन माणूस इथेच फसतो. त्याला वाटते, आपण समोरच्याला गप्प केले.

मला सगळ्यांत आवडतो तो /मी. त्यापुढे लिहिलेले तुमच्या टोपणनावाला जोडून कृती म्हणून दिसते. माझी भाची टोपणनाव घेते सई. तिने /मी लिहून पुढे "चहा पिते" टाकले, की सगळ्यांना दिसते : सई चहा पिते. मराठीत हे वर्तमानकाळात झकास जमते, कारण "मी पिते" आणि "ती पिते" यांत क्रियापद एकच. भूतकाळात गाडी अडते. "आत्ताच आले" असे तिने सवयीने लिहिले आणि पडद्यावर उमटले "सई आत्ताच आले". तिथे "आली" हवे होते. म्हणून /मी लिहिताना स्वतःकडे जरा बाहेरून पाहायचे.

मराठी माणसाची खरी अडचण कीबोर्डची. इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्यांनी उजवीकडची खालची कळ आठवावी. इंग्रजीत जिथे तिरपी रेघ आहे, तिथे इनस्क्रिप्टमध्ये 'य' बसतो. मराठी कीबोर्ड चालू असताना सवयीने /जॉइनच्या कळा दाबल्या तर पडद्यावर "यरदगल" उमटते, आणि पुढे रेघ नसल्याने ते साधे बोलणे समजून सगळ्या चॅनेलला जाते. आधी भाषा बदला, मग हुकूम द्या.

दुसरी गोष्ट लांबीची. आयआरसीचा एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटांचा, त्यात शेवटची खूणही आली. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. "पनवेल" रोमनमध्ये सहा बाइट, देवनागरीत पंधरा. म्हणून मराठीत लिहिताना वाक्ये आखूड ठेवा. नाहीतर क्लायंट संदेशाचे दोन तुकडे करतो किंवा शेपूट कापले जाते.

आता एक अनुभव. बरीच वर्षे झाली. स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत बसून मी टोपणनावाचा पासवर्ड नोंदवत होतो. हुकूम अचूक होता, पण रेघेच्या आधी चुकून एक स्पेस पडली. क्लायंटच्या दृष्टीने पहिले अक्षर रेघ नव्हते, म्हणजे ते बोलणे. पासवर्डसकट पूर्ण ओळ चॅनेलभर वाचली गेली. कोणीतरी लगेच खाजगीत कळवले, "पासवर्ड बदला, आत्ता." त्या अनोळखी माणसाचा मी आजही ऋणी आहे. तेव्हापासून पासवर्डाचा हुकूम मी चॅनेलच्या खिडकीत लिहितच नाही, सर्व्हरच्या खिडकीत लिहितो. तिथे चूक झाली तरी ऐकायला कोणी नसते.

ही तिरपी रेघ पुढे स्लॅक, डिस्कॉर्ड यांनीही घेतली, आणि टेलिग्रामचा बॉट सुरू करायलाही ती लागते. तेव्हा इथे लागलेली सवय वाया जाणार नाही.

या आठवड्यात एवढेच करा : /हेल्प लिहून तुमच्या क्लायंटची यादी उघडा, त्यातले तीन हुकूम रिकाम्या चॅनेलमध्ये करून पाहा, आणि एंटर दाबण्याआधी दरवेळी ओळीचे पहिले अक्षर वाचा. पुढच्या लेखांकात चॅनेलचा कारभार : ऑपरेटर कोण होतो आणि कोणाला बाहेर काढतो.